दारामागची वीतभर पट्टी

ऑइल पेंट ज्याने शोधून काढला, त्याने तो धानाच्या हंगामात आमच्या भंडाऱ्याजवळच्या शहापुरात कधी वापरून पाहिला नसणार. पाहिला असता तर डबा तिथेच हायवेवर फेकून देऊन त्याने दुसरा काही धंदा धरला असता. मी मात्र तो डबा आणि दीड इंची ब्रश घेऊन दिवाळीच्या आधीचे कितीतरी दिवस माझ्याच घरात गुडघ्यांवर रांगत काढले. अजूनही कोणी 'घर छान रंगवलं' म्हटलं की माझे गुडघे आधी दुखतात.

भिंत जिथे फरशीला टेकते तिथे आमच्या घरात चार बोटं उंचीची सिमेंटची पट्टी आहे. शहरात तिला स्कर्टिंग म्हणतात, आमचे मिस्त्री नुसतं पट्टी म्हणतात. या पट्ट्यांना आणि दारांच्या चौकटींना कॉफी रंग द्यायचा, एवढंच काम उरलं होतं. वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांना मी नव्या खोल्या जोडल्या होत्या आणि जुनं-नवं सगळं एकसारखं करून घेत होतो. भंतेजी परित्राण पाठाला यायचे होते, पाहुण्यांना निरोप गेले होते. त्याआधी घर पुरं करायचं, बोटभर जागासुद्धा सोडायची नाही, असं मी ठरवलं होतं. आणि आई रोज एकच म्हणायची, "एवढी घाई कायले करून राहिला बाबू? राहू दे ना थोडंसं."

मी ते कानाआड करत होतो, कारण माझ्या कानात दुसराच आवाज होता. माझे भाऊजी, म्हणजे बहिणीचे यजमान, नागपूरला फ्लॅटमध्ये राहतात. भिंती झाल्या तेव्हा ते आले होते. घरभर फिरले, मान हलवली आणि म्हणाले, "साळेबुवा, भिंत कोणीही रंगवते. घर गावातलं की शहरातलं ते खाली पाहून समजते. पट्टीचा रंग फरशीवर उतरला, की समजायचं गाव आलं." आणि हसले. त्यांचं हसणं एकदा मनात बसलं की ऑफिसात फायली चाळतानाही ऐकू येतं. मोहाडीला ऑफिसात जाता-येता बसमध्ये मी पट्टीचाच विचार करू लागलो.

पेंटर असता तर ही वेळ आली नसती. भिंती संपवून तो गेला तो गेलाच. फोन लावला तर मागून मळणीयंत्राची घरघर. "दादा, धान बांदीत उभं हाय. वारा आला तं आडवं होते. तुमची पट्टी काय पळून जाऊन राहिली?" त्याचं बरोबर होतं. धान कापायच्या दिवसांत आमच्याकडे पेंटर, मिस्त्री, वायरमन कोणीच उरत नाही, सगळे शेतकरी होतात. मला त्याचा राग आला आणि राग करायला तोंड नव्हतं, ही चिडण्याची सगळ्यात वाईट तऱ्हा.

मग मी फोनवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरा माणूस पांढराशुभ्र शर्ट घालून पट्टी रंगवत होता. निळी चिकटपट्टी लावली, तिरप्या टोकाच्या ब्रशने एक हात मारला, चिकटपट्टी ओढली आणि खाली अशी रेघ निघाली की वाटावं फूटपट्टीनेच आखली. शर्टावर डाग नाही. हे एवढंच असेल तर पेंटरची वाट कशाला पाहायची, असं मला वाटलं. पुढच्या सगळ्या भोगाचं मूळ तो शर्ट आहे.

भंडाऱ्याच्या दुकानात मी तिरपा ब्रश मागितला. दुकानदाराने चष्मा वर केला. "तिरपा ब्रश नाही येत भाऊ. ब्रश सरळच रायते, हात तिरपा करा लागते." निळी चिकटपट्टीही नव्हती. खोकी बांधायची ब्राऊन टेप होती. मी तीच घेतली. सोबत प्रायमर, पॉलिशपेपर, खड्डे बुजवायची लांबी आणि तारपीन घेतलं. बायकोने पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्यात तं पेंटरचं पोट भरलं असतं अन् तो आलाही असता."

घासण्यात पहिले दिवस गेले. ऑफिसातून आलो की लुंगी लावायची आणि बसायचं. बसायचं म्हणजे रांगायचं. पॉलिशपेपरने पट्टी घासली की भुकटी उडे, ती पुसून लांबी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायची, पुन्हा पुसायची. शेवटी प्रायमर. इथवर मी गुणगुणत होतो. मग ब्राऊन टेप फरशीला आणि वर भिंतीला लावली, कॉफी रंगाचा पहिला हात मारला आणि मोठ्या थाटात टेप ओढली. टेपसोबत भिंतीचा रंग आला, रंगासोबत पुट्टी आली आणि बैठकीच्या खोलीत पट्टीच्या वर एक लांब पांढरा ओरखडा उमटला. फरशीकडची टेप बरी निघाली, पण तिच्या खालून रंग पाझरून व्हायचं तेच झालं होतं. म्हणजे गाव आलं.

मी ब्रश आपटला. त्याचे शिंतोडे भिंतीवर उडाले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

टेप सोडून दिली. हात तिरपा करायला शिकलो. श्वास रोखून, ब्रशच्या कडेने, एका दमात जेवढी ओढता येईल तेवढीच रेघ. चुकलं की तारपीनच्या फडक्याने लगेच पुसायचं. हे जमायला लागलं आणि दुष्काळात तेरावा महिना तसे तुडतुडे आले. धान कापणीला आलं की वावरातले हे हिरवे बारके किडे दिव्याकडे धाव घेतात. ट्यूबलाइट लागली की भिंत हिरवी होते. आणि ओल्या ऑइल पेंटवर बसलेला तुडतुडा उठत नाही. चिमट्याने एक काढावा तर पायाचा ठसा राहतो, तो ब्रशने बुजवावा तर त्याच ओल्या जागी आणखी चार येऊन बसतात. खिडक्या लावल्या तर रंगाच्या वासाने डोकं भणभणे. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अवो, नक्षी बरी काढून राहिले तुमी. याचे पैसे वेगळे घ्या." मला हसू आलं नाही. आता लिहिताना येतं आहे, तेव्हा खरंच आलं नाही.

आई हे सगळं खुर्चीत बसून पाहायची. तिने कधी टोमणा मारला नाही. मात्र संध्याकाळी मी ब्रश धुवायला लागलो की विचारायची, "आता किती राहिलं?" मी म्हणायचो, थोडंच. त्यावर तिचा चेहरा उतरायचा. माझ्या कष्टांची कीव येते आहे असं मी धरून चाललो होतो.

स्वयंपाकघर मी शेवटी घेतलं. ते वडिलांच्या जुन्या दोन खोल्यांतलं. तिथल्या दाराच्या मागे, दार पूर्ण उघडल्यावर झाकली जाते अशी वीतभर पट्टी. ती मी रंगवली आणि सकाळी पाहतो तर तेवढ्याच जागेचा रंग गेलेला, खालचं राखाडी सिमेंट उघडं. वाटलं, ओल असेल. पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग मला ओलीचा संशय पक्का झाला. मी मिस्त्रीला फोनवर बरंच काही ऐकवलं. तो म्हणाला, "साहेब, तेथं ओल असती तं फुगवटा दिसला असता. तुमच्या घरात उंदीर रंग खाते का?" मी तिसऱ्यांदा रंग दिला आणि दार लावून ठेवलं.

सकाळी आईने चहा दिला. कप घेताना तिच्या बोटांना तारपीनचा वास आला. मी दारामागे जाऊन पाहिलं. जागा स्वच्छ पुसलेली होती, माझ्याच फडक्याने. फडका भांड्यांच्या पाटीखाली दडवला होता.

"आई, हे तू पुसून राहिली?"

"हो," ती म्हणाली. लपवाछपवी नाही, काही नाही.

"काहून?"

"तेवढी राहू दे. घर पुरं करू नोको."

घर कधी पूर्ण करू नये, एखादा कोपरा बाकी ठेवावा, पूर्ण केलं की करणाऱ्याचं भलं होत नाही, हे आमच्या भागात मी लहानपणापासून ऐकलं आहे. पण ते शेजारी-पाजारी. आमच्या घरात नाही. माझे आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव त्यांनी तळ्यात सोडले. माझ्या लेकीला कोणीतरी काळा दोरा बांधला तेव्हा याच बाईने तो कात्रीने कापून चुलीत टाकला होता. रोज सकाळी वंदना म्हणणारी, गल्लीतल्या बायांना बारीकशाही अंधश्रद्धेवरून झापणारी माझी आई, आणि ती माझा रंग पुसते. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आजोबांपासून सगळं काढलं. गुडघे, तुडतुडे, टेप, सगळं तिच्यावर ओतलं. ती गॅस बारीक करून ऐकत राहिली.

मी दम खाल्ला तेव्हा ती म्हणाली, "तुह्या बाबानं हेच दार रंगवलं होतं, सगळ्यात शेवटी. मीनं म्हटलं, अंधार पडला, राहू द्या आता. नाही म्हणे. हे झालं का घर पुरं झालं. ब्रश धुतला, हात धुतले, म्हणे आता माहं काही बाकी राहिलं नाही. अन् दार सुकलं बी नव्हतं, तं ते चालले गेले."

मला ते दार आठवलं. मी कॉलेजात होतो. मयतीला आलेल्या माणसांच्या पांढऱ्या कपड्यांना चौकटीचा रंग लागत होता आणि कोणाला ते सांगायचं सुचत नव्हतं. पण मी अजून रागात होतो. म्हणालो, "अटॅक होता तो, आई. रंगानं अटॅक येत नाही."

"मले माहीत हाय. डॉक्टरनं मले बी सांगतलं."

"मंग?"

"मंग काही नाही. मीनं ते कोण्या देवासाठी नाही ठेवलं. कोणापुढं हात नाही जोडले. नुसतं ठेवलं. तुहं काही काम बाकी हाय घरात, असं मले वाटते तेवढ्यानं."

वाद घालायला तिने काही हातात दिलंच नव्हतं. मी पाय आपटत अंगणात गेलो आणि आधीच स्वच्छ असलेला ब्रश बराच वेळ धूत बसलो. राग गेला नाही. कोण कोणावर रागावलं आहे तेही नीट कळेना. जागा मात्र तशीच ठेवली.

परित्राण पाठ नीट झाला. भंतेजींनी पाठ म्हटला, पांढरं सूत सगळ्यांच्या हातांतून फिरलं, खीर वाटली गेली. भाऊजी वाटी घेऊन उठले आणि घरभर फिरू लागले. बैठक पाहिली, खोल्या पाहिल्या, एके ठिकाणी चक्क वाकून फरशीला बोट लावलं. बोटाला काही सापडलं नाही. माझी छाती फुगत होती. आणि मग ते स्वयंपाकघरात शिरले, कोणाला तरी वाट द्यायला दारामागे सरकताना त्यांनी दार पुढे ओढलं.

"अरे साळेबुवा! हे काय? येथं पेंटर झोपला होता का?"

सगळे हसले. पेंटर जेवायला बोलावलेलाच होता, धान घरात आल्यावर आला होता. तो पत्रावळीवरून ओरडला, "मी नाही गा! पट्टी मीनं नाही मारली!" त्यावर आणखी हसले. आई खिरीच्या पातेल्याजवळ उभी होती. पळी पातेल्यात तशीच, माझ्याकडे पाहत. भाऊजींना खरं सांगितलं असतं तर त्यांना पुढची दहा वर्षं विषय मिळाला असता, आणि आईला भर माहेर-सासरच्या माणसांत मान खाली घालावी लागली असती.

"राहिली खरी," मी म्हणालो. "विसरलो."

"बरोबर. शेवटी गाव ते गाव," भाऊजी म्हणाले आणि खीर पिऊन टाकली. माझ्या इतक्या दिवसांच्या रांगण्यावर त्यांनी एका वाक्यात पाणी फिरवलं.

पाहुणे गेले. आई भांडी पुसत होती, मी सतरंजी गुंडाळत होतो. तिने विचारलं, "लाज वाटली ना तुले?"

"वाटली."

"डब्यात रंग उरला का?"

"उरला."

"झाकण घट्ट लावून ठेवजो. मी हाय तवर राहू दे तेवढी पट्टी. मंग भरून टाकजो."

भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगावं तशी ती बोलली आणि पुढचं ताट उचललं. मी सतरंजी धरून उभा राहिलो. इतके दिवस माझी सगळी चीड त्या वीतभर जागेवर होती. आता तिने ती जागा माझ्या हातात देऊन टाकली होती, आणि मला ती नको होती.

ती मला आजही खुपते. ती पट्टी रंगवायला पाच मिनिटं पुरतील, आणि ती रंगवायची वेळ कधीच येऊ नये असं मला वाटतं. रोज सकाळी स्वयंपाकघरात गेलो की मी दार थोडं ओढून मागे पाहतो. सिमेंट तसंच कोरं असतं. मग गॅसजवळून आई ओरडते, "दार कायले लावून राहिला रे? फोडणीचा ठसका बसते मले!"