बन्सीच्या कोटाचं अस्वल

लीलाबाईंच्या जिभेला हाड नाही, हे उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर लीलाबाईंनाही. सून रूपाली घरात बसून अस्वलं शिवते, हे त्यांना सुरुवातीपासून खटकत होतं. "चांगली वाळूजला कंपनीत गाड्यांच्या सिटा शिवत होती. आता काय, तर अस्वलं! अन् ती बी लेकरांसाठी नाय म्हणं. मोठी माणसं घेतात अन् काचंच्या कपाटात ठिवतात. लोकांला काम नाय दुसरं!"

बोलायच्या, पण डोळा सगळा तिकडंच असायचा. रूपाली आधी कागदाचे तुकडे कापी, मग केसाळ कापड, मग एकेक हातपाय वेगळा शिवून खांद्याला अशा चकत्या बसवी, की हात फिरवला की फिरायचा आणि ठेवला तिथं राहायचा. पोटात लाकडाचा भुसा. काचेचे डोळे मात्र ती लगेच शिवत नसे. दोन टाचण्या टोचून अस्वल फळीवर ठेवी आणि तीन तीन दिवस येताजाता बघे. केसभर इकडं, केसभर तिकडं. मग एका सकाळी ते ठोकळ्यासारखं तोंड एकदम कुणाचं तरी तोंड होई. लीलाबाईंच्या अंगावर काटा यायचा. पण कौतुक तोंडावाटे निघेल तर त्या लीलाबाई कसल्या!

या घरात एकाच गोष्टीवर त्या चकार शब्द काढत नसत. पेटीतला निळा लोकरीचा कोट. त्यांचे मालक बन्सी वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. थंडीत शिफ्टच्या बसला जाताना तो कोट, आणि चौदा एप्रिलच्या रणरणत्या उन्हातही तोच. "अवो, काढा की तो कोट, शिजून निघाल!" असं लीलाबाई ओरडायच्या आणि बन्सी घाम पुसत नुसते हसायचे. मशीनच्या आवाजानं त्यांचा उजवा कान पार गेला होता. काम जाईल या धास्तीनं त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं, अगदी भावालासुद्धा. ठाऊक होतं ते एकट्या लीलाबाईंना. मुलगा बुद्धभूषण चौथीत असताना बन्सी गेले. त्यांच्याबद्दल घरात बोलणंच थांबलं. भिंतीवर नाकासमोर बघणारा एक फोटो तेवढा राहिला.

यंदा पेटी उघडली, तर डांबरगोळ्यांना न जुमानता कोटाला कसर लागलेली. पाठीला भोकं. लीलाबाईंनी एकेका भोकात बोट घालून बघितलं.

रूपालीनं कोट नीट बघितला. "आत्याबाई, वर्षभरात याचा भुगा होईल. मला द्या. मी याचं अस्वल करते."

"कातरी लावशील? माझ्या नवऱ्याच्या कोटाला?"

"व्हय. पण तुम्ही म्हणाल तरच."

आठ दिवस लीलाबाई कुणाशी धड बोलल्या नाहीत. कापला की कोट संपला. आणि अस्वल भलतंच झालं तर? मग त्यांच्याजवळ बन्सीचं काहीच उरणार नव्हतं. दुसरीकडं कसर काही थांबायला तयार नव्हती. नवव्या दिवशी त्यांनी मनाचा हिय्या केला. पण सुनेच्या हाती चुरगळलेला कोट कसा द्यायचा? माणसाची काही इज्जत असते की नाही! कोट छातीशी धरून त्या कोपऱ्यावरच्या कचरू इस्त्रीवाल्याकडं गेल्या.

रूपालीला कळलं तशी ती अनवाणीच धावली. "कचरूभाऊ, थांबा!"

डावी बाही झाली होती. कडक, सपाट, नवीकोरी. रूपालीचा चेहरा रडवेला झाला.

"अगं, चांगलं केलं ना मी?"

"आत्याबाई, कंपनीत वापरलेल्या सिटा परत यायच्या तपासायला. त्यांचे खड्डे बघून आम्ही सांगायचो, चालवणारा कसा बसायचा, कुठं रेलायचा. सुरकुत्यांत माणूस असतो. इस्त्री फिरली की गेला." मग तिनं हळूच विचारलं, "डावा हात कसा ठेवायचे मामंजी?"

लीलाबाई चक्क लाजल्या. "कसा म्हंजी? साधा. लोंबता."

पुढचे चार दिवस कोट खिळ्याला टांगलेला होता आणि रूपाली त्याच्यासमोर बसून होती. बोटांनी चाचपायची, मान वाकडी करून बघायची. मग तिनं कातरी घेतली. पहिला आवाज झाला तशा लीलाबाई उठून शेजारी सारजाबाईंकडं गेल्या. पुढं जवळजवळ पंधरा दिवस त्या खोलीकडं फिरकल्या नाहीत.

एका दुपारी रूपालीनं हाक मारली.

दिवाणावर दीड हात उंचीचं निळं अस्वल बसलं होतं. उजवा खांदा जरा उतरलेला, कारण बन्सी डबा आणि हत्यारांची पिशवी त्याच खांद्याला अडकवत. पोट थोडं पुढं. आणि मान? मान उजवीकडं वळलेली, डावा कान पुढं केलेला. कुणी हाक मारली की बन्सी बघायचे ना, अगदी तसंच. "काय म्हणलीस?" आता विचारील, मग विचारील.

लीलाबाईंनी दाराची चौकट धरली.

"मान अशी का केलीस? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाय. कॉलर उजव्याच बाजूला घासलीया, आत्याबाई, दाढीच्या खुंटांनी. डावीकडं नवी हाय. मामंजी सारखी मान तिकडं वळवत असतील. का, ते मला नाय ठाऊक."

ज्या माणसाला या पोरीनं कधी पाहिलंच नाही, त्याची जन्मभर लपवलेली गोष्ट तिनं एका कॉलरीवरून वाचली होती. लीलाबाई सुनेच्या बोटांकडं बघत राहिल्या. सुईनं टोचलेली, काळवंडलेली, साधी बोटं. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली. रूपाली "अहो, अहो" करत राहिली.

मग त्या अस्वलाच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या. बन्सींबरोबर त्या नेहमी त्याच बाजूला चालायच्या, त्यांना ऐकू यावं म्हणून. त्या बाजूचा हात मात्र त्यांनीच सांगितला तसा, लोंबता होता. लीलाबाईंनी दाराकडं एकदा बघितलं. रूपाली समजून आत गेली.

त्यांनी तो हात धरून हळूहळू वर फिरवला आणि आपलं कोपर त्याच्या पंज्याला लावलं. चौदा एप्रिलच्या गर्दीत बन्सी असंच धरायचे, घट्ट, बाई हरवायला नको म्हणून. हात ठेवला तिथं राहिला.

लीलाबाई डाव्या कानाशी वाकल्या.

"राहू द्या अंगात," त्या म्हणाल्या. "आता काढा म्हणत नाय."