एका रस्त्यावर दोनदा राष्ट्रगीत

मंडळी, आज सकाळचंच सांगते.

देवासबाहेरच्यांसाठी आधी एवढंच, की आमच्या गावात पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं गेली. आमच्या रस्त्याच्या दोन बाजूंना मराठी मंडळं मात्र दोन राहिली, आणि झेंडावंदनंही दोन.

आमचं झेंडावंदन झाल्यावर राष्ट्रगीताचा अर्थ सांगायचं काम यंदा माझ्याकडे होतं. मी सांगितलं, मूळ गीत बंगालीतलं, पाच कडव्यांचं. आपण पहिलंच म्हणतो. त्यातला जयजयकार कुणा राजाचा नाही, सगळ्यांचं भाग्य घडवणाऱ्याचा आहे.

एवढ्यात समोरच्या मंडळाच्या भोंग्यावर राष्ट्रगीत सुरू झालं. त्यांना दरवर्षी उशीर होतो, पण तोवर आम्ही आत हॉलमध्ये पोहे-जलेबी खात असतो. आज माझ्यामुळे सगळे अंगणातच होते.

"भिया, खड़े हो जाओ," मागून कुणीतरी म्हणालं.

माझे सासरे आबासाहेब समोरच्या मंडळाची पायरी कधी चढलेले नाहीत. तिकडच्या लग्नपत्रिकाही ते परत पाठवतात. ते गुडघा धरून उठले आणि समोरच्या झेंड्याकडे तोंड करून शेवटपर्यंत ताठ उभे राहिले.

मग खुर्चीत बसत म्हणाले, "हं सूनबाई, अर्थ सांगत होतीस ना? चालू दे."

मी म्हटलं, "झाला सांगून. चला, पोहे गार होतायत."

तुमच्या गावात आहे का असा रस्ता, ज्याच्या पलीकडे तुमच्या घरचं कुणी जात नाही?