भोंग्यातले बाबा

आमच्या टेंभुर्णीच्या शिवारातली रानडुकरं मला नावानं ओळखतात.

याला कारण आमचा भोंगा. मक्यात डुकरं शिरू नयेत म्हणून बाबांनी आवाज भरता येणारा भोंगा आणला आणि बांधावर उभं राहून त्यात तीन आरोळ्या भरल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या आरोळीच्या मध्ये मी (वय सव्वीस, संगणकाची पदविका) बॅटरीच्या तारेत पाय अडकवून उभा होतो. त्यामुळे "दत्त्या, तारंतून पाय काढ, गाढवा" हेही आत गेलं. पुसून पुन्हा भरायला बाबा तयार होईनात. "डुकराला काय कळतंय," म्हणाले. माणसांना मात्र कळत होतं. माझं लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांनी माझं नाव आधी भोंग्यातूनच ऐकलं.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता. माय रोज दिवस मावळायच्या आत बांधावर जायची, बटण दाबून एकदा ऐकायची आणि परत यायची.

यंदा भोंगा अधूनमधून मुका व्हायला लागला. मी जालन्याहून एक चिमटा आणि एक छोटं यंत्र घेऊन गावी गेलो. भोंग्याच्या पोटात आठ पायांची चिप असते, आवाज तिच्यात राहतो. चिमटा तिच्यावर बसवायचा, यंत्र लॅपटॉपला जोडायचं आणि सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरनं आतलं सगळं वाचून घ्यायचं. मायला मी सांगितलं, आवाजाची नक्कल काढून ठेवतो. नक्कल काढता काढता माझं तेवढं वाक्य उडवायचं, हे सांगितलं नाही. (शेजारच्या शेतातले काका अजूनही मला भेटले की आधी माझ्या पायांकडं बघतात.)

ओसरीवर बसून बॅटरी काढली, चिमटा लावला, वाचलं. "झालं," मी म्हणालो.

"दोनदा मोजलं का?" मायनं विचारलं.

आमच्याकडं तीस वर्षं मेंढरं होती. संध्याकाळी कळप आत घेताना एकदा बाबा मोजायचे, एकदा माय. दोघांचा आकडा जुळल्याशिवाय फाटक लागत नसे.

"माय, हे मेंढरं न्हाईत. कॉम्पुटर हाये."

"मंग त्यालाच सांग दुसऱ्यांदा मोजाय."

तिच्या समाधानासाठी दुसऱ्यांदा वाचलं. जुळलं नाही! चिमटा तिरका बसला होता. तो नीट बसवून आणखी दोनदा वाचलं, तेव्हा दोन्ही वाचनं तंतोतंत सारखी आली. माय मान हलवून चहा ठेवायला आत गेली.

तेवढ्यात मी त्या फाइलची आणखी एक प्रत केली, तिच्यातलं माझं वाक्य शोधून तिथं शांतता भरली आणि ती प्रत चिपवर लिहायला लावली. अशा वेळी जुनी चिप जपून ठेवायची आणि नवीवर लिहायचं, हे मला ठाऊक होतं. एवढ्याशा कामाला नवी कशाला, म्हणून मी ती आणलीच नव्हती. लिहिणं अर्ध्यावर आलं. लॅपटॉपवर ऊन आलं होतं, म्हणून तो सरकवायला मी उठलो.

पाय तारेत होता.

चिमटा निघाला. घाईघाईनं बॅटरी जोडून बटण दाबलं तर नुसती खरखर. पुन्हा दाबलं, पुन्हा खरखर. माय चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"कुठं गेले?" तिनं विचारलं.

आवाज कुठं गेला, असं नाही विचारलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"हायेत, माय. दोनदा मोजलेले हायेत."

बॅटरी काढली, चिमटा बसवला, मांडी घालून दोन्ही पाय आत घेतले आणि हात न लावलेली मूळ फाइल लिहायला दिली. सॉफ्टवेअर लिहून झालं की स्वतःच परत वाचून ताडून बघतं. जुळल्याचा शेरा आला. मायला तो पुरेसा नव्हता. तिनं भोंगा लावायला लावला आणि बोटांवर मोजलं. आरोळी, आरोळी, मी, आरोळी.

"बराबर हाये," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

"माय, मी त्यातलं माझं तेवढं काढाय गेल्तो."

तिनं भोंगा स्वतःकडं ओढून घेतला. "काढू नको. बाकी समदं ते डुकरांना बोलल्यात. घरच्या माणसाला बोलल्यात ते तेवढंच."

चहा गार झाला होता. आम्ही तो तसाच प्यालो.

पुढच्या खेपेला मी नवी चिप नेली आणि तिच्यावरही तेच सगळं लिहून ठेवलं. आता माझं गाढवपण भोंग्यात, नव्या चिपवर आणि लॅपटॉपमध्ये असं तीन ठिकाणी सुरक्षित आहे. तिन्ही प्रती दोनदा ताडून पाहिल्या. कुठंही तफावत नाही.