चोथ्याची जमीन

आज सकाळी गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत घातलेला चहाचा चोथा वाऱ्याने विस्कटला आणि मी तो हाताने गोळा करत बसले. दिवाणखान्यातल्या टेबलावर ह्यांनी आपल्या गावचं छोटंसं स्टेशन उभं केलंय. रूळ, सिग्नल, हिरव्या घासणीची झाडं आणि जमीन सगळी चोथ्याची. "अगं, चोथा टाकू नकोस!" चहा गाळला की हाक यायची. धुऊन, वाळवून डिंकावर भुरभुरला की हुबेहूब माती दिसायची. स्टेशनच्या नव्या पत्र्यालाही ते गंजाचा रंग द्यायचे. म्हणायचे, "कोरं करकरीत दिसलं की खोटं वाटतं."

संसाराचंही तसंच असावं. उकळून, रंग उतरून तो कुठे खरा दिसायला लागतो, आणि तेवढ्यात एकजण उठून जातो.

हे गेले आणि रुळांपलीकडचं प्लायवूड उघडंच राहिलं. ते मी थोडं थोडं भरतेय. परवा लेक आली होती. आधणात मी दुसरा कप पाणी ओतलेलं तिने पाहिलं.

"आई, मी चहा घेत नाही. अजून दोघांचा कशाला टाकतेस?"

"एकटीच्या चहाचा चोथा पुरत नाही गं," मी म्हटलं.