भाताचा रकाना

माझ्या प्रबंधाचं नाव इतकं लांबलचक होतं की सासूबाईंनी ते एकदा ऐकलं आणि पुन्हा ऐकायची तयारी दाखवली नाही. प्रश्न साधा होता. मुळशीतली शेती, इथल्या माणसांचं शिक्षण आणि गावोगावची वाचनालयं यांचा एकमेकांशी काय संबंध? पण विद्यापीठात साधा प्रश्न साधेपणानं विचारायची सोय नसते, म्हणून त्याला दोन ओळींचं शीर्षक लागलं.

मी गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडणारी, झाडून काढणारी, पुस्तकं देणारी आणि पुस्तक परत आलं नाही की घरी जाऊन भांडणारी, हे सगळं मीच. लग्न होऊन आले तेव्हा वाचनालयाच्या दारात उभं राहिलं की भाताची खाचरं दिसायची. आता हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचा दिसतात. पीएचडीला नाव घातलं तेव्हा थोरली मुलगी दहावीला होती. बायका म्हणाल्या, लेकीच्या अभ्यासाचं बघायचं सोडून हिला काय अवदसा आठवली! मी म्हटलं, दोघींचं बघते, तुमचं काय जातंय?

तर प्रश्नावली तयार केली. शेती किती, त्यात पीक काय, घरात कोण किती शिकलं, वाचनालयात कोण येतं, काय वाचतं. स्वतःचं गाव हाताशीच आहे, ते शेवटी करू म्हणून आधी आसपासची गावं घेतली. स्कूटीवर फाईल बांधून उन्हातान्हात हिंडले. लोकांनी चहा दिला, खुर्ची दिली आणि न कंटाळता उत्तरं दिली. मला वाटलं, काय गुणी माणसं आहेत!

तक्ते करून माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवले. सर पुण्याचे, पेठेतले. कौतुक करायची त्यांना सवय नाही. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या तक्त्यांवरून मुळशीत घरटी भात आहे. विहिरी आहेत. आंब्याची झाडं तर जंगलासारखी आहेत. मग त्या कंपन्यांमधली माणसं राहतात कुठे? खाचरात?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, मी दारोदार फिरून आणलंय हे."

"तेच म्हणतोय मी. आता पुन्हा फिरा."

पुन्हा फिरायला वेळ कुठून आणायचा? मुदतवाढ घेऊन झाली होती आणि तीही शेवटची. मार्चअखेर प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत, घरच्यांनी काढलेल्या खस्ता, सगळं पाण्यात. वर गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? रागारागानं घरी आले. सर शहरातले, त्यांना काय कळतंय खेड्यातलं, असं स्वतःला बजावलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावाला सुरुवात केली.

पहिलं घर चुलत सासऱ्यांचं. आमच्यात सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत आहे आणि हे तर भावकीत सगळ्यांत वडीलधारे. पांढरीशुभ्र टोपी, आवाज असा की वाडीच्या टोकाला ऐकू जावा. एके काळी त्यांच्या आंबेमोहराचा वास आला की लोक म्हणायचे, मामांचं खाचर निसवलं, लोंब्या आल्या. त्या खाचरावर आता त्यांची चार मजली इमारत आहे. वरच्या खोल्यांमधून कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. आम्ही खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलो होतो. भोवती सगळ्या मोटारसायकली.

"पीक काय लिहू, मामा?"

"भात."

"किती जमिनीत?"

"समद्या. आन हीर एक लिव. न्हाई, दोन लिव. आंब्याची झाडं तुला वाटतील तेवढी."

मला हसू आवरेना. म्हटलं, "मामा, भात कुटं हाय हितं? आपण त्याच्यावरच बसलोय."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. मामांचा आवाज खाली आलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "येडी का काय तू? नव्या रस्त्याची मोजणी हाय न्हवं ही? पिकाखालची जमीन दिसली का मोबदला वाढतुया. बाकीच्या गावांत तू बाहेरची बाई, तरी समद्यांनी सांगितलं, मग घरच्या सुनेला मी का सांगू नये?"

तेवढ्या एका वाक्यात सगळ्या गावांचा उलगडा झाला. हातात फाईल घेतलेलं माणूस दारात आलं, शेती किती आणि विहीर किती विचारलं, की आमच्या तालुक्यात त्याचा अर्थ एकच. रस्ता येतोय, जमीन जाणार. माझी गुणी माणसं! मला चहा पाजून त्यांनी सबंध मुळशीत मनातलं भात लावलं होतं. सातबाऱ्याचा आधार घ्यावा तर तिथंही इमारतीच्या जागी आजेसासऱ्यांच्या काळातलं भात अजून डुलत होतं.

घरी येऊन फाईल आपटली आणि ओट्यापाशी बसून रडले. हो, रडले. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "काम अडलंय ना तुजं? मग इर्जिक घाल की."

इर्जिक म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. कुणाची नांगरट किंवा लावणी अडली की त्यानं गावाला हाक द्यायची. गावानं बैलं, अवजारं घेऊन यायचं, दिवसभर राबायचं, मजुरीचा विषय काढायचा नाही. जेवण तेवढं त्या घरचं. आता ट्रॅक्टर आले, खाचरंच उरली नाहीत, तेव्हा इर्जिकही मागं पडली. पण रीत अशी की हाक आली तर नाही म्हणायचं नसतं.

"आत्या, माझं काय शेत आहे का?" मी म्हटलं.

"काम हाय का न्हाई? मग झालं. मटणाचं बघ, आन माळकऱ्यांना वांगं येगळं."

मी हाक दिली आणि रविवारी वाचनालयाच्या अंगणात गाव लोटलं. नवरा एका बाजूला रश्श्याच्या पातेल्यापाशी उभा. मी पायरीवर चढले आणि स्वच्छ सांगून टाकलं, की ही मोजणी नाही, रस्त्याचा संबंध नाही, कुणाला एक रुपया मिळणार नाही आणि कुणाचा एक गुंठाही जाणार नाही. माझी पदवी तेवढी जाईल. थोडी चुळबुळ झाली, मग सगळे खाली बसले.

युक्ती माझी होती आणि तिचा मला अजून गर्व आहे. एकेका घरानं उभं राहून आपली शेती सांगायची आणि ज्याचा बांध त्या घराच्या बांधाला लागून आहे त्यानं खरं का खोटं ते बोलायचं. आमच्याकडे बांधावरून पिढ्यान्पिढ्या भांडणं चालतात. शेजाऱ्याच्या रानात काय पिकतं, काय पडून आहे, काय बुजवलं, हे माणूस स्वतःच्या रानापेक्षा जास्त लक्षात ठेवतो. इतकी वर्षं ज्या भांडणांनी गाव हैराण झालं, ती मी कामाला जुंपली.

काय रंग चढला म्हणून सांगू! कुणी "भात" म्हणायचा अवकाश, मागून आवाज यायचा, "आरं, कशाला थापा मारतुयास, तितं तर तू गाड्या धुतोयस." कुणी विहीर सांगितली तर "ती तर बुजवून वर गाळा काढलाय." लोक हसून हसून लोळत होते. ज्याची थाप उघडी पडली तोही हसत होता आणि दुसऱ्याची पकडायला टपून बसत होता. मामांची पाळी आली. ते उठले, इमारतीकडं एकदा बघितलं आणि काहीच न बोलता खाली बसले. त्यांच्या बांधाचा शेजारीही गप्प राहिला. मी भाताच्या रकान्यात रेघ मारली.

एक मात्र ध्यानात आलं. वाचनाचे प्रश्न निघाले की बायका पुरुषांच्या देखत तोंड उघडत नव्हत्या. मग मी त्यांना आत घेतलं, कपाटांच्या मागं, आणि एकेकीशी बोलले. तिथं खरं बाहेर आलं. एकजण म्हणाली, पोरांच्या पुस्तकांतल्या गोष्टी मी गोठ्यात बसून वाचायची, आता गोठाच न्हाई. दुसरी म्हणाली, तेच. तिसरीही तेच.

त्या गोठ्यापाशी माझा प्रबंध उभा राहिला. वाचनालयाच्या शेजारी दूध डेअरी. सकाळी दूध घालायला आलेली माणसं रांग पुढं सरकेपर्यंत आमचा पेपर वाचत, किटली घेऊन आलेल्या पोरी गोष्टीचं पुस्तक बदलून नेत. खाचर गेलं की पेंढा गेला. पेंढा गेला की म्हैस विकली. म्हैस गेली की डेअरीची वाट मोडली आणि त्याच वाटेवर वाचनालय होतं. लोकांना वाचायचा कंटाळा आला, मोबाईल आले, पैसा आला, असं सगळे सांगत होते, मीही तेच समजत होते. पण मोबाईल तर म्हैस असलेल्या घरातही होता आणि ती माणसं अजून येत होती. सगळ्यांच्या नावावर भात होतं तोवर हे दिसणं शक्यच नव्हतं.

मग बाकीच्या गावांनीही मला इर्जिक घालू दिली. नुसती घालू दिली नाही, काही ठिकाणी जेवण त्यांनीच केलं. प्रबंधात तिला "शेजारी-पडताळणी" असं भारदस्त नाव द्यावं लागलं. सरांनी प्रकरण वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता माणसं घरात राहायला लागली." त्यांच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच. मार्च संपायच्या आत प्रबंध जमा झाला.

शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. एरवी चार विद्यार्थी येतात, समोसे खाऊन जातात. माझ्या परीक्षेला दोन टेम्पो भरून गाव आलं. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक मॅडम बारीक नजरेच्या होत्या. त्यांनी विचारलं, "चारचौघांत दुबळं माणूस दबतं. त्याचं काय केलं?" मी कपाटांमागची बैठक सांगितली, कुठले प्रश्न अंगणात आणि कुठले आत, का ते सांगितलं. "आणि शेजारी मुद्दाम खोटं बोलला तर?" मी म्हटलं, बांध दोन बाजूंना असतात, म्हणून दोन्हीकडच्यांना विचारलं. सर मान खाली घालून गालात हसत होते. मला त्या दिवशी कशाचीच भीती वाटत नव्हती. विचारा, अजून विचारा, असं आतून होत होतं.

मग मॅडम म्हणाल्या, "पहिल्या फेरीत लोक खोटं बोलले, हा तुमच्या सगळ्या मांडणीचा पाया आहे. पण हे तुमचं म्हणणं झालं. तसं कुणी स्वतः मान्य केलंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मागच्या ओळीत खुर्ची सरकली. मामा उभे राहिले होते. त्यांनी टोपी नीट केली.

"मी बोललो व्हतो खोटं," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, सगळ्या सभागृहाला पुरेल असा. "भात हाय म्हणून सांगितलं. न्हाई भात. चार मजले हायेत. इर्जिकीच्या दिशी ते माज्या तोंडून निघालं न्हाई, म्हणून हितं बोलतुया."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "मग आजोबा, आता तुम्हाला काय म्हणायचं? शेतकरी म्हणायचं की नाही?"

मामांनी माझ्याकडं बघितलं.

"शेतकरीच म्हणा," ते म्हणाले. "पर हिच्या कागदावर नका म्हणू. तितं खरंच ऱ्हाऊ द्या."

मी पुन्हा रडले, तिथंच, परीक्षकांच्या समोर उभी राहून. मॅडम सरांकडं वळून काहीतरी बोलल्या, सरांनी मान हलवली. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी बाहेर जाऊन निकालाची वाट बघायची असते. मॅडम म्हणाल्या, कुणी बाहेर जायची गरज नाही, आणि पदवी दिल्याचं त्यांनी उभ्यानंच जाहीर केलं. टाळ्या मागच्या ओळीपासून सुरू झाल्या.