पेंगलेले गणपती

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला, पण माझं हसं मीच सांगितलेलं बरं. नायतर जावई तिखटमीठ लावून सांगेल.

जावई नितीन रोह्याच्या कंपनीत शिफ्टला. डॉक्टर म्हणाला, बर्नआउट झालाय, कामानं माणूस आतून करपलाय, रजा घ्या. लेक त्याला घेऊन पेणला आमच्याकडे आली.

मी म्हटलं, "गो सुषमा, थकवा हा आजार असेल तर गणपतीच्या सीझनला आख्खं पेण दवाखान्यात निजवायला लागेल."

"दादा, त्यांना छळू नका हां."

मी, आणि छळणार नाय? दुसऱ्याच दिवशी जावयाला आमच्या गणपतीच्या कारखान्यात नेला, हातात ब्रश दिला, मूर्तींचे पाट रंगवायला बसवला. बिचारा गप रंगवायचा. डोळ्यांची आखणी मात्र माझी. सीझन डोक्यावर आलेला, मला धड बसवेना, उठवेना, जेवतानासुद्धा बोटं हलायची. पण आजार? छे.

तेवढ्यात कडक इस्त्रीच्या कपड्यातलं एक गिऱ्हाईक गणपती ठरवायला आलं. मूर्तींपेक्षा नितीनकडेच जास्त बघत होतं. मला चेव आला.

"आमचा जावई. डॉक्टर म्हणतो आजारी हाय. दिसतो का तुम्हाला? ह्या आख्ख्या ओळीचे डोळे त्यानंच आखलेत." शेवटची थाप आपली जाता जाता.

नितीनच्या हातून ब्रश पडला. "मामा, हे आमचे साहेब."

साहेब तापले. "रजा आमची आणि काम यांचं? नितीन, उद्या कामावर ये, नाहीतर येऊच नको."

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या सुषमानं माझ्याकडे असं बघितलं, की मी एका मूर्तीमागे सरकलो. साहेबांची नजर माझ्या मागोमाग आली आणि मूर्तीवरच अडकली. ते वाकले. मग दुसरी बघितली, तिसरी बघितली. ओळीतले सगळे बाप्पा पेंगत होते. पापण्या उतरलेल्या, एक डोळा मोदकावर, दुसरा धरमतरच्या खाडीकडे.

साहेबांचा आवाज मऊ झाला. "नितीन, मला खरं वाटत नव्हतं रे. पण असे डोळे काढणारा माणूस आजारीच असणार. आणखी महिनाभर आराम कर."

साहेब गेले. गणपती न ठरवताच.

"मामा," जावई गालात हसला, "आखणी कुणाची ते साहेबांना कळवू का?"

आता सुषमा मला रोह्याला त्याच डॉक्टरकडे घेऊन चाललीय. हा आजारच हाय, असं त्यानं म्हणावं म्हणून मी सगळ्या देवांना हात जोडतोय. कारण तो नाय म्हणाला, तर पेणमध्ये एवढंच उरेल, की म्हाताऱ्याला डोळे आखता येत नायत.