आप्पांनी पुन्हा टोकलेली चवळी

दत्ताचा फोन आला तेव्हा मी कारेगावला कंपनीच्या गेटवर होतो. "आप्पा गेलं," एवढंच तो म्हणाला. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मनात आलं, चवळीचं आता कुणालाच कळणार नाही... आणि स्वतःचीच लाज वाटली.

आप्पा माझे चुलते, दत्ता त्यांचा मुलगा. वडगाव रासाईत आमची वांगी बांधाला बांध लागून. आप्पा फवारत तो फक्त निंबोळी अर्क, तोही बेताचा. तरी त्यांची वांगी तुकतुकीत. मला पटायचं नाही. म्हातारा गुपचूप दुकानातलं काहीतरी मारत असणार, म्हणून त्यांचं पिंप मी दोनदा हुंगून आलो होतो! त्यात माझ्याच बांधाला लागून त्यांनी चवळीची एक ओळ लावली. ती मावा किडीने काळी पडली तरी तिला फवारा नाही. भावकीत संशय यायला कितीसा वेळ लागतो? हा मावा माझ्यासाठीच पाळलाय, अशी माझी खात्री झाली.

विचारलं तर म्हणाले, "त्यो मावा वांग्यावर येत न्हाई. त्याला खाणारं ढालकिडं तिथं वाढत्यात. मंग ती तुझ्या वांग्याचा मावा बी खात्यात. बघ तर खरं."

मी कसला बघतोय! आप्पा दौंडला गेले तशी मी त्या ओळीवर निंबोळी अर्क मारला, चांगला कडक. झाडपाल्याचं औषध, त्यानं काय बिघडतंय... मावा गेला, पण ठिपक्यांचे लाल ढालकिडेही दिसेनासे झाले. त्यांच्या अळ्या पानांवरच वाळल्या. पंधरा दिवसांत माझीच वांगी माव्याने भरली. त्याआधीच आप्पांनी चवळीचं एक पान हुंगलं होतं.

"परवा वारं हुतं का रं?"

"व्हय, लई हुतं," माझ्या वांग्यांवरचा फवारा वाऱ्याने उडून आला असेल असं भासवत मी म्हणालो.

पुढे माझ्या वांग्यांवर मावा चढल्यावर त्यांनी तिथंच पुन्हा चवळीचं बी टोकलं. मला वाटलं, म्हातारा मुद्दाम डिवचतोय.

आप्पा गेल्यावर, आता परवा, दत्ताला सगळं सांगून टाकलं. तो कसनुसा हसला.

"आप्पांना ठावं हुतं. मी म्हणलं, आता चवळी आपल्या घराकडं लावू. तर म्हणालं, न्हाई, मावा त्याच्या वांग्यावर चढलाय, गरज त्यालाच हाय."

"मग मला का न्हाई बोललं?"

"म्हणालं, सांगून त्याचा इश्वास बसायचा न्हाई."

ती ओळ अजून उभी आहे. सकाळी गेलो की ढालकिडे बांध ओलांडून माझ्या वांग्यांवर आलेले दिसतात. चूक कबूल करायला आता आप्पा नाहीत.